सेट-टॉप बॉक्सवरचं गाणं मध्येच थांबतंय? आधी वेळा लिहून काढा

सेट-टॉप बॉक्सवर इंटरनेटवरून गाणी किंवा रेडिओ लावला की थोड्या वेळाने आवाज बंद होतो. रिमोटचं बटण दाबलं की पुन्हा सुरू होतो आणि परत थांबतो. आमच्या घरी हे चार महिने चाललं होतं. त्या काळात आम्ही राउटर बदलला, इंटरनेटचा प्लॅन वाढवला, बॉक्स दोनदा फॅक्टरी रीसेट केला. यातल्या एकाही गोष्टीची गरज नव्हती. आता गाणं सलग वाजतं, आणि ते कसं जमलं हे सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्याच सोसायटीत आणखी काही घरांत हीच तक्रार आहे आणि सगळे आमच्यासारखेच पैसे घालवत आहेत.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, मानपाड्याजवळ बाराव्या मजल्यावर राहतो. गाणी ऐकणारे आहेत माझे बाबा. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाली, बाबा तिच्याहून पाच वर्षांनी मोठे. चरईतल्या जुन्या घरी खिडकीत ट्रान्झिस्टर असायचा आणि मध्यम लहरींवर ५५८ किलोहर्ट्झला अस्मिता वाहिनी स्वच्छ लागायची. इथे चारी बाजूंनी काँक्रीट, आणि वर एलईडी दिवे नि चार्जर यांची खरखर, त्यामुळे ट्रान्झिस्टर लावून उपयोग नाही. बाबांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून फोनवर शोधून लावणंही जमत नाही. टीव्हीच्या रिमोटवर दोन बटणं पाठ केली की आकाशवाणीही लागते आणि शास्त्रीय संगीतही, म्हणून बॉक्स. सकाळी सहा ते नऊ हा त्यांचा ऐकण्याचा वेळ. त्यात दर थोड्या वेळाने खुर्चीतून उठून रिमोट चाचपडायचा म्हणजे ऐकण्याचा सगळा आनंद जातो.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्सला होते. मशीन बंद पडलं की पाना हातात घेण्याआधी ब्रेकडाउन रजिस्टरमध्ये नोंद करायची, ही तिथली शिस्त. मी तिसऱ्यांदा कस्टमर केअरला फोन लावत होते तेव्हा ते म्हणाले, "अगं, तू नुसती दुरुस्तीच करत सुटली आहेस. बंद कधी पडतं, ते लिहिलंयस का कुठे?"

लिहिलं नव्हतं. मग त्यांनीच जुन्या कॅलेंडरचं पाठकोरं पान घेतलं, जाड मार्करने तीन रकाने आखले : किती वाजता लावलं, किती वाजता थांबलं, मध्ये काय केलं. अंगठ्याएवढे आकडे, म्हणजे त्यांचे त्यांना वाचता येतील. पंधरा दिवसांत पान भरलं, आणि आम्ही ज्याला एकच बिघाड समजत होतो ते तीन वेगवेगळे बिघाड आहेत हे त्या पानावर दिसलं. म्हणून तुम्हीही काही बदलण्याआधी निदान आठवडाभर वेळा लिहा. पुढचं सगळं त्या वेळांवरच अवलंबून आहे.

ठराविक मिनिटांनी थांबत असेल तर

आमच्या पानावरच्या पहिल्या तीन ओळी अशा होत्या. सोमवार, ६.०५ ला लावलं, ६.२५ ला बंद. मंगळवार, ६.१० ला लावलं, ६.३० ला बंद. बुधवार, ६.०२ ला लावलं, ६.१५ ला आवाज वाढवला, ६.३५ ला बंद.

बुधवारची ओळ नीट बघा. आवाज वाढवायला रिमोट दाबला आणि तिथून पुढे पुन्हा पूर्ण वीस मिनिटं मिळाली. इंटरनेट असं घड्याळ लावून जात नाही. कोणीतरी वीस मिनिटं मोजतंय आणि रिमोट दाबला की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू करतंय, असा याचा अर्थ. ते कोणीतरी म्हणजे बॉक्समधलंच वीज वाचवण्याचं सेटिंग.

आई रात्री तीन-तीन तास मालिका बघते तेव्हा बॉक्स का झोपत नाही, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. उत्तर असं आहे की व्हिडिओ दाखवणारं ॲप बॉक्सला सांगून ठेवतं, "स्क्रीन चालू राहू दे, कोणीतरी बघतंय." नुसतं गाणं वाजवणारी बरीच ॲप हे सांगत नाहीत. मग बॉक्सच्या दृष्टीने घरात कोणीच नाही. आधी स्क्रीन सेव्हर येतो आणि नंतर बॉक्स झोपी जातो, गाणं वाजत असलं तरी.

अँड्रॉइड टीव्हीवर चालणाऱ्या नव्या बॉक्समध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग पॉवर अँड एनर्जी असं जा. तिथे एनर्जी सेव्हरमध्ये वापर नसताना किती वेळाने बंद व्हायचं ते दिलेलं असतं. ते सगळ्यात जास्त वेळावर ठेवा किंवा 'नेव्हर' करा. जुन्या बॉक्समध्ये हेच डिव्हाइस प्रेफरन्सेसमधल्या स्क्रीन सेव्हरच्या आत, 'पुट डिव्हाइस टू स्लीप' या नावाने असतं. शब्द कंपनीप्रमाणे थोडे बदलतात, पण स्क्रीन सेव्हर आणि झोप या दोन वेगळ्या वेळा आहेत हे लक्षात ठेवा. स्क्रीन सेव्हर राहू दिला तरी चालतो, बंद करायची ती झोप. काही डीटीएच बॉक्स चार तास एकही बटण दाबलं नाही तर स्वतःहून स्टँडबायला जातात, तेही सेटिंग असंच शोधायचं.

टीव्हीचा पडदा बंद ठेवून गाणी ऐकायची असतील तर टीव्हीच्या रिमोटचं लाल बटण दाबून चालत नाही. एचडीएमआय केबलमधूनच टीव्ही बॉक्सला कळवतो की मी बंद होतोय, तूही हो. या सोयीचं नाव एचडीएमआय-सीईसी. सॅमसंग तिला ॲनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. बॉक्सच्या सेटिंगमध्ये 'टीव्ही बंद झाल्यावर बॉक्स बंद' हा पर्याय काढून टाकता येतो, पण त्याचा उपयोग आवाज वेगळ्या स्पीकरवर घेणाऱ्यांनाच. आवाज टीव्हीतूनच येत असेल तर टीव्ही चालूच लागणार. बऱ्याच टीव्हींमध्ये 'पिक्चर ऑफ' किंवा 'स्क्रीन ऑफ' असतं, त्याने पडदा काळा होतो आणि आवाज राहतो. आम्ही तेच वापरतो.

टीव्हीला जोडलेला साउंडबार, म्हणजे वेगळा लांबट स्पीकर, असेल तर त्याच्याकडेही बघा. त्याचं वेगळं झोपेचं घड्याळ असतं, साधारण पंधरा-वीस मिनिटांचं, आणि येणारा आवाज फार बारीक असला तर त्याला काहीच येत नाहीये असं वाटतं. शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्यांना याचा त्रास जास्त होतो. तानपुरा लागलेला असतो, विलंबित आलापी हळू आवाजात चाललेली असते आणि साउंडबार मध्येच मिटतो. टीव्हीवर गाण्याची पट्टी पुढे सरकत असेल आणि तरी आवाज नसेल, तर दोष साउंडबारचा समजा. उपाय साधा आहे : बॉक्सचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवायचा आणि कमी-जास्त साउंडबारच्या रिमोटने करायचं. शिवाय त्याचं ऑटो पॉवर-ऑफ बंद करता येत असेल तर तेही करून टाका.

रोज एकाच वेळी थांबत असेल तर

वीस मिनिटांचा प्रश्न सुटला आणि चार दिवस घरात आनंद होता. मग बाबांनी पान पुढे केलं. सोमवार ८.१७. मंगळवार ८.१९. बुधवार ८.१६. गुरुवार ८.१७. शनिवार-रविवार काहीच नाही.

ही रांग बघून मी बराच वेळ नुसती बसून होते. लावण्याची वेळ रोज वेगळी, थांबण्याची मात्र तीच. सुट्टीच्या दिवशी बॉक्सला कसं कळतं? आधी वाटलं, त्या वेळेला सगळ्या इमारतीचं इंटरनेट वापरात येत असेल. पण मग त्याच वेळी आकाशवाणीचा रेडिओ लावला तर तो अखंड चालत होता. बंद पडत होतं ते फक्त गाण्यांचं ॲप.

हे रेडिओ लावून बघणं मला या सगळ्या प्रकरणात सर्वात उपयोगी वाटलं, म्हणून त्यामागचं कारण सांगते. गाण्यांचं ॲप पुढचा भाग आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळे नेट थोडा वेळ गेलं तरी गाणं चालू राहतं. थेट रेडिओचा साठा काही सेकंदांचाच. म्हणजे नेट नाजूक असेल तर आधी रेडिओ अडखळायला हवा. रेडिओ ठणठणीत आणि गाण्यांचं ॲप बंद, असं उलटं दिसलं तर वायफायच्या मागे लागू नका. गोष्ट ॲपची किंवा खात्याची आहे.

मी सकाळी साडेसातला घर सोडते, त्यामुळे ८.१७ ला समोर कधीच नव्हते. एक दिवस रजा काढली, पिक्चर ऑफ काढून टाकलं आणि टीव्हीसमोर उभी राहिले. गाणं थांबलं आणि पडद्यावर पट्टी आली : हे खातं दुसऱ्या उपकरणावर वापरात आहे. ती पट्टी रोज येत असणार. पडदा काळा, आणि उजळ असता तरी बाबांना ती अक्षरं दिसली नसती.

माझा भाचा नोकरीसाठी आमच्याकडे राहतो, ऐरोलीला जातो. आठला निघतो, बसमध्ये जागा मिळाली की कानात हेडफोन घालतो आणि गाणी लावतो. खातं मी एकदा दोघांना मिळून दिलेलं. अशा बऱ्याच सेवांमध्ये एका खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी गाणं वाजतं, दुसरीकडे सुरू केलं की पहिलीकडचं थांबतं. त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहराच उतरला. "मावशी, म्हणजे रोज आजोबांचं गाणं मी बंद करत होतो?" त्या संध्याकाळी त्याने स्वतः कुटुंबासाठीची योजना घेतली आणि आजोबांचं खातं वेगळं केलं. खर्च करायचा नसेल तर गाणी फोनमध्ये उतरवून, ॲप ऑफलाइन करून ऐकता येतात. उतरवलेली गाणी सहसा खातं अडवत नाहीत.

कधीही, कसंही थांबत असेल तर

उरलेल्या नोंदींना काही ताल नव्हता. ६.५२. ७.०८. मग एक दिवस काहीच नाही. दुसऱ्या दिवशी तीन वेळा. रेडिओही अडखळत होता. हे मात्र खरोखर नेटचं दुखणं होतं.

इथे पहिला सल्ला मिळतो तो स्पीड वाढवण्याचा, आम्हालाही तोच मिळाला होता. जरा हिशेब करून बघा. चांगल्या प्रतीचं गाणं सेकंदाला ३२० किलोबिट घेतं, साधा रेडिओ १२८ च्या आसपास. म्हणजे तासाभराचं गाणं ऐकायला साधारण १४४ एमबी आणि रेडिओला ५८ एमबी. १०० एमबीपीएसच्या जोडणीत अशी तीनशे गाणी एकाच वेळी मावतात. एका गाण्यासाठी २०० चा प्लॅन घेऊन काहीही फरक पडणार नाही, आम्हाला पडला नाही. जोडणी किती रुंद आहे यापेक्षा ती मध्ये तुटते का, हे बघायचं असतं.

आमची तुटत होती ती भिंतीमुळे. घोडबंदर पट्ट्यातल्या बऱ्याच नव्या टॉवरांमध्ये विटांच्या भिंती नाहीत. ॲल्युमिनियमचं शटरिंग लावून भिंत आणि स्लॅब एकत्र ओततात, बिल्डर त्याला मायवान म्हणतात. घर मजबूत होतं, पण प्रत्येक खोलीची भिंत सळया घातलेलं काँक्रीट. आमची फायबरची जोडणी आतल्या बेडरूममध्ये येते आणि बॉक्स हॉलमध्ये. त्यातही जागा वाचावी म्हणून बॉक्स टीव्हीच्या मागे चिकटपट्टीने लावलेला, म्हणजे भिंत झाली आणि वर टीव्हीची धातूची पाठ.

मोजायला फोन पुरतो. वायफायची ताकद दाखवणारं कुठलंही फुकट ॲप घ्या आणि फोन बॉक्सच्या अगदी जवळ धरा. आकडा उणे असतो : उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत निर्धास्त, उणे ७५ च्या खाली गेला की भरवसा नाही. आमच्या टीव्हीमागे बेडरूमचं दार उघडं असताना उणे ७० येत होता, दार लावलं की उणे ७९. भाचा रात्री उशिरा झोपला की दार लावून सातपर्यंत झोपतो. बेताल वाटणाऱ्या नोंदींचं मूळ तिथे सापडलं.

बॉक्स टीव्हीमागून काढून खाली युनिटवर, पण बंद कप्प्यात नव्हे, मोकळ्यावर ठेवला. बंद कप्प्यात तो मे महिन्यात भाजून निघतो आणि तापला की त्याचं काम मंदावतं. एवढ्याने सात-आठ आकड्यांचा फरक पडला. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर वायफाय देतो, त्यांची नावं वेगळी करून बॉक्सला एकाच नावावर ठेवला, नाहीतर दोन्हींच्या मध्ये उड्या मारतानाही गाणं तुटतं. दूरच्या खोलीसाठी २.४ जास्त पोचतो, पण टॉवरमध्ये त्याच पट्ट्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांची वीस-पंचवीस वायफाय असतात आणि मायक्रोवेव्हही तिथेच गोंगाट करतो. दूध गरम करायला ठेवलं आणि गाणं अडखळलं, असं तुमच्याकडे होत असेल तर हेच कारण. २.४ वर राहायचं तर राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्यातला कप्पा, १, ६ किंवा ११ मधला कमी गर्दीचा निवडा. ५ वर जायचं तर ३६ ते ४८ मधला. त्याच्या वरच्या काही चॅनेलवर रडार आढळलं की राउटरला जागा सोडावी लागते आणि तेवढ्या वेळात गाणं गेलंच.

शेवटी मात्र आम्ही केबलच टाकली. वीस मीटरची लॅन केबल, बेडरूमपासून स्कर्टिंगच्या कडेने हॉलपर्यंत. क्लिपा बाबांनी स्वतः ठोकल्या, बोटांनी अंतर मोजत, दर वितीला एक. काँक्रीटच्या भिंतीत खिळा जात नाही म्हणून लाकडी चौकटीवर खिळ्याच्या आणि बाकी चिकटपट्टीच्या क्लिपा लावल्या. बॉक्सला लॅनचं भोक असेल तर वायफायचे बाकी सगळे उपाय सोडून आधी हेच करा, असं मी आता सगळ्यांना सांगते.

काही सुटी कारणं

लाइट जाऊन आली की गाणं लागतच नाही, ही तक्रारही ऐकते. बऱ्याच बॉक्समध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. लाइट आली की बॉक्स लगेच उठतो, राउटरला मात्र दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर बॉक्सची तारीख कुठली तरी जुनीच असते, आणि तारीख चुकली की सुरक्षित जोडणी नाकारली जाते. बॉक्स पाच मिनिटांनी बंद करून पुन्हा लावा, किंवा तारखेचं ऑटोमॅटिक सेटिंग काढून परत घाला. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की हा प्रश्न निम्मा होतो.

बॉक्स खूप जुना असेल आणि काही रेडिओ एका दिवसापासून कायमचे बंद झाले असतील, तर त्यातली सुरक्षा प्रमाणपत्रं, म्हणजे समोरची वेबसाइट खरी आहे हे बॉक्स ज्यावरून ओळखतो ती, जुनी झाली असण्याची शक्यता मोठी. असंख्य वेबसाइट ज्यावर अवलंबून होत्या असं एक मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या उपकरणांना २०२४ पर्यंत सवलत मिळाली होती, तीही संपली. अपडेट येत नसेल तर तिथे बॉक्स बदलण्यावाचून इलाज नाही.

फोनवरून गाणं टीव्हीवर पाठवत असाल तर कसं पाठवता ते बघा. कास्ट केलं असेल तर बॉक्स स्वतः नेटवरून गाणं आणतो, फोन घेऊन खाली भाजी आणायला गेलात तरी चालतं. ब्लूटूथ किंवा स्क्रीन मिररिंग असेल तर गाणं फोनमधून जातं, फोन लिफ्टपर्यंत गेला की संपलं. कास्टचं चिन्हच दिसत नसेल तर फोन आणि बॉक्स एकाच वायफायवर आहेत ना, त्यातला एखादा गेस्ट नेटवर्कवर तर नाही ना, हे तपासा.

पावसात चॅनेल गेले म्हणून शेजारच्या काकू बॉक्स बिघडला म्हणत होत्या. पाऊस छत्रीचा सिग्नल अडवतो, इंटरनेटवरच्या गाण्याशी त्याचा संबंध नाही. त्यांच्या त्याच बॉक्सवर रेडिओ लावून दिला, तो धो धो पावसात वाजत राहिला.

एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. बॉक्सला मोठं अपडेट आलं की झोपेचं सेटिंग पुन्हा कंपनीच्या मूळ वेळेवर जाऊ शकतं. आमच्याकडे दिवाळीनंतर तसं झालं. बाबांनी पान काढलं, ६.०४ ला लावलं, ६.२४ ला बंद, एवढी एकच ओळ लिहिली आणि मला ऑफिसात फोन केला, "वीस मिनिटं परत आलीत." संध्याकाळी घरी येऊन सेटिंग बदलायला अर्धं मिनिट लागलं. आता ते सेटिंग कुठे आहे ते बाबांच्याच मार्करने मोठ्या अक्षरात लिहून बॉक्सच्या खाली चिकटवलं आहे.